खिडकीवाल्याचं गुऱ्हाळ

रामप्रसाद गाडीवरून उतरला नाही. फटफटी चालूच ठेवली, एक पाय आमच्या ओट्याला टेकवला आणि बसल्या जागेवरून रामराम घातला. आमच्या दारात असा रामराम घालायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी बियाणाच्या शेंगा फोडत होते. वर बघितलं नाही.

रामप्रसाद कारखान्याचा माणूस. कुणाच्या फडात ऊसतोडीची टोळी कधी घालायची हे त्याच्या हातात, म्हणून गावात त्याला जावयासारखा मान. दिवाळीला घराघरातून फराळाचे डबे जातात त्याच्याकडं. आमचा कधी गेला नाही.

"काका हायेत का?"

"हायेत. गाडी बंद कर आधी. धूर घरात यायलाय."

त्यानं गाडी बंद केली. आमचे मालक टॉवेलला हात पुसत बाहेर आले. रामप्रसाद म्हणाला, "काका, उद्या अर्ज मागं घ्यायचा शेवटचा दिवस हाय. तुम्ही मागं घ्या, परवाच्याला टोळी तुमच्या फडात. माझा शब्द."

"आन् न्हाई घेतला तर?"

"तर काय. यंदा टोळ्या कमी आल्यात. नंबर फेब्रुवारीत लागंल, मार्चात लागंल, कोणाला माहीत? तवर उसाला तुरे येतेल, आतून पोकळ होईल. मला वाईट वाटंल बघा. ह्या टायमाला लढत काट्याची हाय काका. ह्या चार गावात तुम्ही जी मतं खाता ती आमचीच खाता."

"कोणाचा निरोप आणला हा?" मी विचारलं.

"काकू, मी निरोप्या माणूस. निरोप्याला असं इचारू नये."

आणि गेला. ओट्यावर त्याच्या बुटाचा चिखल राहिला.

आमचे मालक, मच्छिंद्र, आमदारकीला उभे राहतात. दुसऱ्या बायांच्या नवऱ्यांना पत्त्याचा नाद असतो, दारूचा असतो. माझ्या वाट्याला हा आला. सुरुवात ओढ्यापासून झाली. आमचं गाव आणि डांबरी सडक यांच्या मधी ओढा. पाऊस लागला की गोदावरीचं पाणी ओढ्यात मागं सरतं आणि गाव तुटतं. पूल पाहिजे म्हणून मालक एका पुढाऱ्याच्या दारात दिवसभर बसले. चहा मिळाला, खुर्ची मिळाली नाही. घरी आले, पायातलं काढायच्या आधीच म्हणाले, "आता मीच उभा राह्यतो."

पहिल्या वेळेला निशाणी मिळाली खाट. पोस्टर छापायची ऐपत कुठली! मालकानं घरातली खाटच बैलगाडीत टाकली आणि गावोगाव नेली. लोक खाटेवर बसले, बिड्या ओढल्या, म्हणाले लई चांगली खाट हाय, आणि मत दुसऱ्याला दिलं. त्याच्या पुढच्या वेळेला शिलाई मशीन मिळाली. माझी मशीन गेली, परत आली तेव्हा तिचं चाक फिरेना. एका टायमाला नारळ मिळाला, ते बरं गेलं. हारले दरवेळी. पण आमच्या गावानं त्यांना कधी उघडं पाडलं नाही. गावच्या पेटीत मालकाचं मत भरभरून निघायचं. तेवढ्यावर ते पाच वर्षं मान वर करून फिरायचे.

खाटेचं एक सांगते. निवडणूक झाली त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तातेरावाची सून सुमेधा अडली. तातेराव आणि त्याची बायको कौसल्या, आमच्या शेतावर वर्षानुवर्षं येणारी माणसं, बौद्धवाड्यातली. ओढ्याला छातीभर पाणी. मालकानं तीच खाट काढली, पोरीला तिच्यावर निजवलं, चौघांनी खांद्यावर घेतली. पुढच्या दोन खुरांना मालक आणि तिचा नवरा नागसेन. पाणी गळ्याला लागलं तरी खाट ओली होऊ दिली नाही. पल्याड गेले आणि शाळेच्या ओसरीत पोरगी झाली. गाव तिला अजून खाटवालीच म्हणतं.

रामप्रसाद गेल्यावर मालक उसाकडच्या अंगाला बघत उभे राहिले. मंग म्हणाले, "अंगदची माय, घ्यावा का मागं?"

मी शेंगांचं सूप खाली ठेवलं. दरवेळी मीच म्हणायचे उभं राहू नका. भांडायचे, अबोला धरायचे, एकदा तर माहेरी गेल्ते. पण मी म्हणणं वेगळं, आणि कुणी गाडीवर बसून माझ्या ओट्याला बूट लावून म्हणणं वेगळं.

"ऊस वाळंल," मालक म्हणाले.

"वाळू द्या."

आमचा अंगद गोठ्यातून आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "आये, वाळू द्या काय? वर्षाचं पीक हाय ते. तुला काय जातं बोलायला!"

"मला काय जातं? लागण करताना बेणं कोणी टाकलं? तू टाकलं का? तू तर तवा बुलडाण्याला लग्नात नाचत व्हता."

"मंग तोडणार कोण? नेणार कुठं? कारखाना घेणार न्हाई, दुसरा कारखाना ह्या कारखान्याला इचारल्याबिगर घेणार न्हाई."

"घरात कोयते हायेत. मळ्यात गुऱ्हाळ हाय."

अंगद हसला. हसण्यासारखंच होतं. सासऱ्यांच्या काळातलं गुऱ्हाळ ते. कारखाना आला तेव्हापासून बंद. रस आटवायच्या काहिलीखाली कोंबड्या अंडी घालायच्या. ऊस पिळायचा चरक गंजून लाल झालेला. पण माझी सून दैवशाला दारात उभी होती, ती म्हणाली, "काहील घासायला चिंच लागंल मामंजी. हाय आपल्याकडं." त्या दिवशी मला ती सून पहिल्यांदा आवडली.

दुसऱ्या दिवशी मालक तहसीलला गेले आणि निशाणी घेऊन आले. खिडकी.

"खिडकी?" मी म्हणलं. "खिडकी कशी नेणार गाडीत?"

मालक आत गेले. पहार घेऊन आले. आमच्या पुढच्या खोलीची सागवानी चौकटीची, लोखंडी गजांची खिडकी. सासऱ्यांनी बसवलेली. मी आडवी उभी राहिले, पण अंगद आणि त्यांनी मिळून ती काढलीच. खिडकीबरोबर घमेलंभर माती आणि चार विटा खाली आल्या. भिंतीला बैल शिरंल एवढं भोक पडलं. कार्तिकातला गार वारा सरळ माझ्या अंथरुणावर. मी पोत्याचा पडदा लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

पण एक कबूल करीन. खिडकी त्यांना शोभली. टेम्पोत उभी करायची, तिच्या मागं उभं राहायचं, गजांतून तोंड काढून बोलायचं. ओढ्याच्या काठावर टेम्पो थांबवून म्हणायचे, "या, बघा या खिडकीतून. दिसतो का पूल? न्हाई दिसत? बराबर बघा. चष्मा लावा. तरी न्हाई? मंग इतके वर्षं मत कोणाला देऊन राह्यले तुम्ही?" लोक हसायचे. बाया येऊन खिडकीतून बघून जायच्या. पोरं गजांना लोंबकळायची.

इकडं आम्ही उसाला हात घातला. तोड म्हणजे काय हे कारखान्यानं आम्हाला विसरायला लावलं होतं. बुडख्यातून घाव घालायचा, शेंडा उडवायचा, पाचट सोलायची, मोळी बांधायची. पहिल्या दिवशी हात असे फोडले की रात्री भाकरी थापता येईना. पाचटीच्या कडांनी गाल, मान, कोपरं चिरली गेली. घाम लागला की आग. दैवशालेच्या तळहाताचे फोड फुटले, तिनं चिंध्या गुंडाळल्या आणि परत कोयता धरला. अंगद मोळ्या वाहायचा. बोलायचा नाही माझ्याशी. पण त्याची मोळी सगळ्यात जड असायची.

गुळव्या म्हणून तातेराव आला. तरुणपणी त्यानं इथंच गूळ काढलेला. कौसल्या काहिलीखालच्या चुलवाणाला चिपाडं घालायला. मजुरी पैशात नको, गुळात वाटा द्या, असं तातेराव म्हणाला. पहिली काहील उतरली, गूळ वाफ्यात ओतला, थोडा निवला, तेव्हा त्यानं खडा मोडला, मला दिला, स्वतः घेतला. जिभेवर ठेवून आम्ही बोली केली.

आमच्याकडं बोली अशीच होते. जिभेवर गूळ ठेवून दिलेला शब्द फिरवायचा नाही. कचरूनं एकदा असाच गुळावर बैल देतो म्हणून सांगितलं. सकाळी दुसरं गिऱ्हाईक जास्त घेऊन आलं. कचरू गोठ्यात जाऊन बैलाच्या गळ्यात पडून रडला, पण बैल पहिल्यालाच दिला. लोक लग्न मोडतील, भावाची वाटणी नाकारतील, पण गुळावरचं बोलणं मोडायचे नाहीत. का म्हणून विचारू नका. असं आहे.

गुऱ्हाळ पेटलं की वास लपत नाही. पहिल्या दिवशी गावातली माणसं आली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातली. मंग शहागडच्या सडकेवरून जाणारे ट्रकवाले थांबायला लागले. गुऱ्हाळावर आलेल्याला रिकामं पाठवायचं नसतं. रस द्यायचा, गरम गूळ द्यायचा, पोरांना उसाच्या कांडीवर काकवी लावून द्यायची. मी दिलं. सासऱ्यांच्या काळात वाटसरू बैलगाड्या सोडून बसायचे, तसं मळ्यात माणूस झालं. मालक दुपारी प्रचारातून यायचे, टेम्पो बांधावर, खिडकी टेम्पोत. गूळ मात्र त्यांना चालत नव्हता. साखरेचा आजार. बसून दुसऱ्यांची तोंडं बघायचे.

"उमेदवाराला काय मिळालं?" कुणी विचारायचं.

"वास," मालक म्हणायचे.

एक दिवस कौसल्येनं जाळ जास्त घातला. काहील उतू आली, गूळ करपला, काळा पडला. तेव्हा लोक बसलेले. मी सगळ्यांसमोर म्हणलं, "चुलवाण संभाळता येत न्हाई तर घरी बसावं, कौसल्ये. एक काहील गेली का घरची चार दिवसाची मेहनत जाती."  डोळ्यातलं पाणी धुरानं आहे असं दाखवून कौसल्येनं पदरानं पुसलं आणि परत चिपाड सरकवलं.

त्याच दुपारी पांढरी गाडी आली. निवडणुकीचं भरारी पथक. चष्म्यावाला एक साहेब, बरोबर एक शिपाई, एक कॅमेरावाला. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी, हे मी सांगायची गरज नाही. त्याच्या बुटाचा चिखल मी ओट्यावरून धुतलेला.

साहेब उन्हातनं आलेला. दैवशालेनं त्याला रस दिला, तो प्यायला. गरम गूळ दिला, खाल्ला. मंग रुमालानं बोटं पुसत म्हणाला, "हे उमेदवाराचं गुऱ्हाळ का?"

"उमेदवाराचं न्हाई. माझं," मी म्हणलं. "उमेदवार बाहेर खिडकीत बसलेत."

"बाई, मतदारांना खाण्याचे पदार्थ वाटणं हा गुन्हा आहे. आचारसंहिता आहे. मला हा माल जप्त करावा लागेल."

"आन् तुम्ही आता खाल्ला तो?"

लोक हसले. साहेबाचे कान लाल झाले. "मी इथला मतदार नाही."

"मंग ट्रकवाले कुठले मतदार हायेत? ते आंध्राचे हायेत. बोला. साहेब, गुऱ्हाळावर आलेल्याला गूळ न्हाई दिला तर माझी सासू सरणावरून उठून यील. द्यावा तर तुमची आचारसंहिता. मी काय करू ते सांगा."

साहेब बिचारा चांगला होता. म्हणाला, "तुम्ही मत मिळावं म्हणून देत नाही, हे मला कसं कळणार?"

मला राग आला होता. करपलेल्या काहिलीचा, त्या तक्रारीचा, भिंतीतल्या भोकाचा. मी ओंजळीत गूळ घेतला आणि सगळ्यांसमोर उभी राहिले. कॅमेरावाल्याला म्हणलं, "घे रे, फोटो घे. ऐका सगळे! ह्या गुऱ्हाळाचा गूळ ज्यानं खाल्ला, ह्या घडीला खाल्ला का उद्या खाईल, त्यानं आमच्या मालकाला मत द्यायचं न्हाई. खिडकीचं बटन दाबायचं न्हाई. जिभेवर गूळ ठेवा आन् म्हणा."

 मंग कचरू हसत हसत पुढं आला, खडा तोंडात टाकला, म्हणाला, "न्हाई देत जा, मच्छिंद्राला मत!" मंग सगळेच. बाया, गडी, म्हातारे. गूळ तोंडात आणि "न्हाई देत" ओठावर. हसून हसून मळा दणाणला. अंगद सुद्धा म्हणाला. तातेराव गुळव्या, त्यानं काहिलीजवळून म्हणलं. दैवशालेनं पदर तोंडाला लावून म्हणलं. साहेबानं कागदावर लिहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "बाई, माझ्या आयुष्यात असा प्रचार बघितला नाही." माल जप्त केला नाही. जाताना विकत दोन ढेपा मागितल्या. मी म्हणलं, "मतदान झाल्यावर या."

टेम्पोतून मालकानं सगळं ऐकलं होतं. मला वाटलं चिडतील. ते गजांतून म्हणाले, "बराबर केलं. बिलकुल बराबर." पण त्यांचं तोंड उतरलेलं.

"अहो, मस्करी हाय ती," मी म्हणलं. "सगळ्यांना माहीत हाय."

त्या दिवसापासून कौसल्येनं गुळाला हात लावला नाही. मी बघत होते. सगळे खायचे, ती चुलवाणाशी बसायची, ओठ कोरडे, तोंडावर राख. दैवशालेनं खडा पुढं केला, ती म्हणाली, "नगं माय." पोरगी खाटवाली काकवी मागायला आली, तिला दिली, स्वतः बोट चाटलं नाही. मी समजले. मी सगळ्यांपुढं बोलले त्याचा राग. एवढा राग! आणि मंग माझ्या मनात दुसरंच आलं. माझी सासू हिच्या सासूला ओंजळीत वरून पाणी ओतायची. ते माझ्या डोळ्यांनी बघितलेलं. ते हिच्या मनात असंल, आता आमच्या हातचं नको म्हणत असंल. मला ते टोचलं आणि मी तेवढीच ताठ झाले. समजूत घालायला गेले नाही. घालायची कशाला? गूळ खात नसली तर राह्यली. वाटा बरोबर तिच्या नवऱ्याच्या घरी जातोय.

मतदानाच्या दिवशी गुऱ्हाळ बंद ठेवलं. शाळेत रांग होती, तीच शाळा, तीच ओसरी. लोक मला बघून हसले नाहीत. मला ते खटकलं. कचरूनं मान खाली घातली. मी आत गेले. पडद्याआड मशीनवर खिडकीचं चित्र होतं, बारकं, आमच्या खिडकीसारखं मुळीच नाही. मी जिभेनं दात चाचपले. सकाळीच गुळाचा खडा चाखलेला. पण चाखणं वेगळं, खाणं वेगळं. मालकिणीला चाखावंच लागतं. मी खिडकीवर बोट ठेवलं आणि मशीन ओरडेपर्यंत काढलं नाही.

मोजणीच्या दिवशी मालक आणि अंगद सकाळी गेले, दुपारनंतर आले. मळ्यात आम्ही उरलेल्या उसाची मोळी बांधत होतो. मालक बांधावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. हारणार हे मला माहीत होतं. हारून आल्यावर ते नेहमी आधी गावच्या पेटीचं सांगायचे. ह्या टायमाला सांगेनात.

"गावचं?" मी विचारलं.

अंगद म्हणाला, "तीन."

"तीनशे?"

"तीन, आये. एक, दोन, तीन."

दैवशालेच्या हातातून मोळीचा आळा सुटला. मालक जमिनीकडं बघत म्हणाले, "एक माझं. एक तुझं असंल. तिसरं कोणाचं काय माहीत. टेबलावरच्या पोरांनी सुद्धा इचारलं, काका, तुमच्या घरात माणसं किती."

मी अंगदकडं वळले. "आन् तुझं?"

अंगदनं माझ्याकडं बघितलं. महिनाभरात पहिल्यांदा सरळ बघितलं. "आये, मी गूळ खाल्ला व्हता. तुझ्याच हातानं."

"अरे मस्करी व्हती ती!"

"कॅमेऱ्यापुढं गूळ तोंडात ठिवून मस्करी? तूच शिकवलं ना, गुळावरचं फिरवायचं न्हाई?"

दैवशाला मान खाली घालून उभी. तिनं पण. माझ्या घरातल्यांनीच. मंग गावाला काय बोलणार! कुणी गुळाच्या शब्दासाठी, कुणी आदल्या दिवशी वाटलेल्या पाकिटासाठी. ज्यांनी पाकिटं घेतली त्यांना माझा गूळ फार गोड लागला असंल. पण कचरूसारखे पुष्कळ होते, रडून बैल देणारे. त्यांना मी काय म्हणू?

मालक उठले. "आता पुरं," ते म्हणाले. "आपलं गाव बी ऱ्हायलं न्हाई. खिडकी बसवून टाक, अंगद. सिमेंटमधी. पक्की."

त्या माणसाला मी गळ्याइतक्या पाण्यात बघितलाय, उन्हात टेम्पोवर बघितलाय, कुणी दगड मारला तर टोपी झाडून परत बोलताना बघितलाय. असा बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रामप्रसाद आला. ह्या वेळेला गाडीवरून उतरला, हसत होता. त्याच्या कारखान्याचा उमेदवार निवडून आला होता. "काकू, झालं गेलं सोडा. अर्धा ऊस राह्यला ना? टोळी पाठवून देऊ का उद्या?"

"पाठव," मी म्हणलं.

तो चकित झाला. "खरंच?"

"पाठव. जेवायला घालीन. ऊस मात्र देणार न्हाई. तीर्थपुरीच्या बाजारात गूळ मागून घेऊन जायले लोक. आन् आता आचारसंहिता न्हाई. तू बी खाऊन जा."

मी खडा पुढं केला. त्यानं हात केला नाही. गाडीला लाथ मारून गेला.

अंगद अंगणात सिमेंट कालवत होता. खिडकी भिंतीला टेकून उभी. गजांवर निवडणुकीतला गुलाल नव्हताच, धूळ होती. मालक आत पडून होते, पोत्याच्या पडद्याआड. तेव्हा कौसल्या आली. अंगणाच्या कडेला थांबली, चप्पल काढली.

मला वाटलं वाट्याचं विचारायला आली. मी कोरडंच म्हणलं, "तुझा वाटा तातेराव घेऊन गेला."

"वाट्यासाठी न्हाई आले, अक्का." तिनं हात पुढं केला. चुलवाणाच्या जाळानं काळी पडलेली बोटं. "आता द्या गूळ."

मी म्हणलं, "आता? आन् आठ-पंधरा दिवस माझ्या गुळाला तोंड लावलं न्हाई ते? करपलेल्या काहिलीचं मी बोलले, तो राग गेला का?"

"राग कशाचा? काहील करपलीच व्हती, तुम्ही काय खोटं बोलल्या का?" कौसल्या म्हणाली. "तुम्ही म्हणल्या, गूळ खाल्ला त्यानं खिडकीला मत द्यायचं न्हाई. मला द्यायचं व्हतं. मंग कसा खाऊ? आमच्या ह्यांना गुळव्या म्हणून चाखावंच लागतं. त्यांनी म्हणलं, चाखलं म्हणजे खाल्लं. दुसऱ्यावर बोट ठिवून आले आन् त्या दिवशी जेवले न्हाई. घरातलं एक तरी मत राहू द्या म्हणून मी तोंड बांधून बसले. लई वास यायचा, अक्का. जीव तोंडात यायचा."

सिमेंट कालवणाऱ्या अंगदचा हात थांबला.

"सुमेधाच्या खाटेचं पाणी मी इसरले न्हाई," ती म्हणाली. "काकाला गळ्याला पाणी लागलं व्हतं. ते काय निवडणुकीत व्हते का तवा?"

मी आत गेले. उतरंडीच्या मागं ठेवलेली, सगळ्यात पिवळी, सगळ्यात चांगली ढेप काढली. ती मी कुणालाच देणार नव्हते. दगडावर आपटून फोडली, मधला मऊ गाभा काढला, आणि कौसल्येच्या हातात देऊ गेले तर तिनं तोंडच पुढं केलं, पोरासारखं. मी तिच्या तोंडात घातला. तिनं डोळे मिटले. गुळाचा रस हनुवटीवर आला. तिनं पुसला नाही.

पोत्याचा पडदा हलला. भिंतीच्या भोकातून मालकाचं तोंड दिसलं. खिडकी नव्हती, गज नव्हते, नुसतं तोंड. ते सगळं ऐकत होते.

"तिसरं," ते म्हणाले.

"व्हय," कौसल्या गूळ तोंडात घेऊन म्हणाली. "आन् पुढच्या टायमाला बी देते. बघा, जिभेवर गूळ हाय."

मालकाच्या ओठाचं एक टोक हललं. तेवढंच. पण मी पस्तीस वर्षं ते ओठ बघतेय.

अंगदनं चौकट उचलली, भिंतीशी लावली, थापी सिमेंटमध्ये बुडवली.

"ते ठिव," मी म्हणलं.

"काय?"

"सिमेंट ठिव बाजूला. मातीत बसव."

"आये, मातीत ढिली राह्यती. वाऱ्यानं हालंल."

"हालू दे," मी म्हणलं आणि शेणमातीची पाटी त्याच्या पुढं सरकवली. "पुन्हा काढायची हाय."